दोन मिलीची पाहुणी

उंची करंगळीएवढी. अंग काचेचं, डोक्यावर काळी टोपी आणि पोटात दोन मिली पिवळसर पाणी. नाव मात्र अंगापेक्षा मोठं. परक्या भाषेतलं, सोनेरी अक्षरांतलं आणि इतकं लांबलचक, की कुपीवर मावेना म्हणून तिच्या पाठीशी पुठ्ठ्याचं एक कार्ड दिलेलं. कार्डावर व्हॅनिलाच्या काळ्या शेंगा आणि एक पांढरंशुभ्र फूल. व्हॅनिलाचं फूल खरं तर हिरवट-पिवळं असतं, पण चित्र काढणाऱ्याला ते पांढरंच बरं वाटलं असावं. बाईसाहेबांचा स्वभाव इथूनच कळतो. खरं-खोटं नंतर पाहू, आधी गोड दिसू.

ती आली पुण्याहून, माझ्या भाचीच्या कृपेनं. भाची सुगंधाच्या नमुन्यांची वर्गणी भरते. वर्गणी म्हटलं की आमच्या पिढीला एक तर गणपती मंडळाची पोरं आठवतात, नाही तर वाचनालय. हिच्या वर्गणीत दर महिन्याला तीन-चार कुप्या घरपोच येतात. लावून बघायच्या, आवडली तर मोठी बाटली घ्यायची, नाही तर पुढच्या महिन्याची वाट बघायची. ही व्हॅनिलावाली तिला झेपली नाही. फोनवर म्हणाली, "मावशी, ही तुझ्याकडे पाठवते. मला एवढं गोड नको वाटतं गं, डोकं धरतं." म्हणजे मुलीकडच्यांनी नाकारलेलं स्थळ मावशीच्या दारात.

अत्तर-परफ्यूम हा ज्वालाग्राही माल. विमानात तो धोकादायक वस्तूंच्या यादीत मोडतो, त्यामुळे अशा कुप्या शक्यतो रस्त्यानंच पाठवतात. शेवगावला रेल्वे नाही, तेव्हा प्रश्नच मिटला. नगरहून तिसगाव, अमरापूर करत, खड्डे मोजत ही शेवगावात आली. कुरिअरचा मुलगा क्रांती चौकात उभा राहून फोन करत होता, "मॅडम, गल्ली कुठली?" पाकीट हातात देताना त्यानं ते एकदा नाकाशी नेलं आणि हसला. टोपी घट्ट होती, एक थेंबही सांडला नव्हता, तरी पुठ्ठ्याला वास होताच. माणसाच्या आधी त्याची बातमी पोचते, तसलं हे प्रकरण.

पहिला फवारा मनगटावर मारला. आधी गार लागलं, मग अल्कोहोलची झणझण नाकात गेली, मग चार-पाच मिनिटं कुठून तरी संत्र्याची साल सोलल्यासारखं वाटलं. आणि मग ती आली. दार न वाजवता, थेट स्वयंपाकघरातून आल्यासारखी.

ओसरीवर मेथी निवडत बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली. "कुणाकडं केक केलाय गं?"

आतल्या खोलीतून लेकानं विचारलं, "आई, कस्टर्ड आहे का?"

मालक बाहेरून आले, चप्पल काढता काढता म्हणाले, "लग्नातल्या आइस्क्रीमचा वास कुठून येतोय?"

तिघांपैकी एकाच्याही तोंडी अत्तर आलं नाही, सेंट आलं नाही. यात त्यांचा काही दोष नाही. व्हॅनिला आपल्याला नाकानं नाही, जिभेनं शिकवली. वाण्याकडच्या इसेन्सच्या छोट्या बाटलीनं शिकवली, रेती घालून कुकरात भाजलेल्या केकनं शिकवली, मांडवाच्या मागं लाकडी चमच्यानं खरवडून खाल्लेल्या कप आइस्क्रीमनं शिकवली. तो वास आला की तोंडाला पाणी सुटायचं, एवढंच आपल्याला ठाऊक. आता तोच वास अंगाला लावून मिरवायचा, ही गोष्ट शेवगावात पचायला वेळ लागते. परदेशातही ती फार जुनी नाही. 1992 साली एंजल नावाचं एक फ्रेंच परफ्यूम आलं, त्यात एथिल माल्टॉल नावाचं रसायन सढळ हातानं घातलेलं होतं. एथिल माल्टॉलचा वास म्हणजे जत्रेतल्या म्हातारीच्या केसांचा, गरम चाकावर उडणाऱ्या साखरेचा. तेव्हापासून खाऊच्या वासाची परफ्यूमं ही एक वेगळी जातच झाली. आमची पाहुणी त्याच जातीतली.

सासूबाईंनी हात धुतले, माझं मनगट धरलं, लांबून हुंगलं, जवळून हुंगलं. घरी कुणीही नवीन आलं की त्या दोनच प्रश्न विचारतात. "गाव कोणतं हिचं? कुणाची पोर?"

आता याचं उत्तर देणं सोपं नाही. या पोरीचं गोत्र सांगायला बसलं तर मेथीची जुडी निवडून संपेल.

मूळ गाव मेक्सिको. तिथल्या रानात झाडांवर चढणारी ही एक ऑर्किडची वेल. तिथले लोक कोकोच्या पेयात तिच्या शेंगा घालत. स्पॅनिश लोकांनी ती युरोपात नेली, वेल वाढली, फुलंही आली, पण शेंग काही धरेना, कारण फुलं फळवणाऱ्या माश्या मेक्सिकोतच राहिल्या होत्या. 1836 मध्ये बेल्जियममधल्या एका वनस्पतिशास्त्रज्ञानं काचघरात हातानं परागीकरण करून शेंग धरवली, पण शेतावर चालेल अशी युक्ती सापडली ती 1841 मध्ये, हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर. सापडली कुणाला? एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या एका गुलाम पोराला. काडीनं फुलातला पडदा उचलायचा आणि अंगठ्यानं पराग दाबायचा, एवढंच. फूल उमलतं एका सकाळपुरतं, तेवढ्यात हे उरकायचं. आजही मादागास्करपासून केरळपर्यंत व्हॅनिलाचं एकेक फूल असंच हातानं फळवतात. 1848 मध्ये गुलामी उठली तेव्हा त्या पोराला अल्बियस हे आडनाव मिळालं. त्याच्या युक्तीवर बेटावरचे मळेवाले श्रीमंत झाले आणि तो 1880 मध्ये गरिबीतच मेला.

हे सांगितलं तेव्हा सासूबाईंना फारसं नवल वाटलं नाही. "म्हंजी क्रॉसिंगच की," त्या म्हणाल्या. बरोबर होतं त्यांचं. कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर बायका नेमकं हेच करतात. संध्याकाळी कळीतले पुंकेसर काढायचे, सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग आणून घासायचा. सुरतेत तयार झालेली एच-4 ही जगातली पहिली संकरित कपाशी 1970 मध्ये आली आणि तेव्हापासून आपल्या भागातल्या बायकांच्या बोटांना हे काम पाठ आहे. एडमंडची युक्ती शेवगावच्या बाईला समजावून सांगावी लागत नाही. मजुरीचा हिशेबही नाही.

शेंग धरल्यावर वेलीवर नऊ महिने राहते, आणि तेव्हाही तिला वास म्हणून नसतो. मग ती उकळत्या नाही पण चांगल्या गरम पाण्यातून काढायची, उन्हात टाकायची, कांबळ्यात गुंडाळून घाम आणायचा, पुन्हा वाळवायची. महिनोन्‌महिने हे चालतं तेव्हा ती काळी, तेलकट आणि सुवासिक होते. सहा किलो हिरव्या शेंगांची जेमतेम एक किलो तयार शेंग. 2018 च्या सुमारास तिचा भाव किलोला सहाशे डॉलरच्या घरात गेला होता. आपल्याकडे 2003 च्या आगेमागे असाच भाव चढला होता, केरळ-कर्नाटकात लोकांनी पोफळी-नारळीच्या बागांत वेली लावल्या आणि मग भाव पडला. कांदा पिकवणाऱ्या तालुक्याला पुढचं सांगायला नको.

एवढी महाग शेंग या दोन मिलीत आहे का? नाही. तेच सुरुवातीला म्हणत होते. कार्डावर शेंग आहे, आत व्हॅनिलिन आहे. शेंगेचा वास ज्या मुख्य रसायनामुळे येतो ते हे. 1858 मध्ये फ्रान्समध्ये ते शेंगेतून वेगळं काढलं गेलं आणि 1874 मध्ये टीमान आणि हारमान या दोन जर्मन रसायनतज्ज्ञांनी पाइनच्या झाडातल्या एका घटकापासून ते तयार करून दाखवलं. पुढे कागद कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या लिग्निनपासून ते काढू लागले, आणि आता बरंचसं पेट्रोलियमपासून निघणाऱ्या रसायनांतून येतं. जगात जेवढा व्हॅनिलाचा वास खपतो त्यातला खऱ्या शेंगेचा वाटा एक टक्काही नाही. जुन्या पुस्तकांच्या कपाटाला जो मंद गोडसर वास येतो त्यातही कागदातल्या लिग्निनपासून सुटलेलं थोडं व्हॅनिलिन असतं. म्हणजे आपल्या वाचनालयात बसणाऱ्यांनी ही पाहुणी आधीच हुंगलेली आहे, फक्त ओळख करून दिलेली नव्हती.

आणि या प्रवासात मराठी माणूस नाही असं समजू नका. शाळेच्या कंपासपेटीवर ज्यांचा उंट होता त्या दांडेकरांच्या कॅम्लिनमधून निघालेली रसायन कंपनी, कॅम्लिन फाइन सायन्सेस, आज गुजरातेत दहेजला व्हॅनिलिन बनवते. दौतीतल्या शाईपासून आइस्क्रीमच्या वासापर्यंत एकाच घराचा प्रवास. सुगंध बांधण्याच्या धंद्यातलं मोठं नावही मराठीच आहे. एस. एच. केळकर आणि कंपनी 1922 पासून मुंबईत हे काम करते. साबण, उदबत्ती, पावडर, तेल, आपल्या घरातल्या कितीतरी वस्तूंचे वास असल्या कंपन्यांच्या प्रयोगशाळेत ठरतात आणि बाटलीवर नाव दुसऱ्याचं असतं. मुलुंडच्या वझे महाविद्यालयात तर या विद्येचा रीतसर अभ्यासक्रम आहे. आमच्या कुपीचा अर्क कुणी बांधला ते लेबल सांगत नाही. घटकांच्या यादीत नुसतं 'परफ्यूम' एवढं लिहून सगळे मोकळे होतात. बाईचं माहेर विचारावं तर ती हसते.

पण लेबलावरचा दुसरा शब्द मला जास्त आवडला, तो म्हणजे अल्कोहोल. दोन मिलीत सुगंधी अर्क असतो पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही कमी. बाकी सगळं अल्कोहोल, पिता येऊ नये म्हणून बिघडवलेलं. ही कुपी भारतातच भरलेली आहे, आणि आपल्या देशात असं अल्कोहोल मळीपासून निघतं किंवा धान्यापासून. शेवगाव तालुक्यातला गंगामाई कारखाना घ्या, उसाबरोबर तिथं डिस्टिलरीही आहे. गळिताच्या दिवसांत बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि ऊसतोडीच्या टोळ्या रस्त्यानं जातात, तेव्हा संध्याकाळच्या वाऱ्याबरोबर मळीचा आंबट-गोड वास येतो आणि आपण नाकाला पदर लावतो. त्याच मळीपासून निघालेली स्पिरिट शुद्ध होत होत पार बिनवासाची झाली, की पॅरिसच्या थाटाचं परफ्यूम तिच्या खांद्यावर बसून गावोगाव जातं. हिच्या पोटातलं अल्कोहोल कुठल्या कारखान्याचं, ते तिलाही ठाऊक नसेल. पण तिनं शेवगावात येऊन फार परकं वागायचं कारण नाही. तिच्यातले चार हिस्से आपल्यासारख्यांच्याच शिवारातले असू शकतात.

आता तिची वागणूक. अल्कोहोल उडून जातं, संत्रं मागोमाग जातं, मधे फुलांची कुजबुज होते तीही थांबते. व्हॅनिलिन मात्र बसून राहतं. ते मुळात घट्ट, पांढऱ्या सुयांसारखं, वितळायला ऐंशी अंशांहून जास्त तापमान लागतं. घाईत उडून जाणं त्याच्या रक्तात नाही. मनगटावर सकाळी लावलेली ही संध्याकाळी चहाच्या वेळी हजर असते. पदरावर पडली तर दुसऱ्या दिवशी पदर सांगतो. गंमत म्हणजे थोड्या वेळानं लावणाऱ्याला तिचा वास येईनासा होतो, कारण नाक सतत येणाऱ्या वासाची दखल घेणं सोडून देतं. मग माणसाला वाटतं, उडून गेलं, आणि तो आणखी दोन फवारे मारतो. बसमध्ये शेजारी बसलेल्याची काय अवस्था होते ते त्यालाच ठाऊक. अशा वेळी चूक कुपीची धरू नये.

तिचा खरा मान झाला तो संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. पौष संपत आलेला, हवेत गारठा, शेजारच्या घरी वीस-पंचवीस बायका. दारातच गुलाबदाणीनं शिंपडणं झालं, अत्तरदाणीतून मनगटाला अत्तर लागलं. मी ही पाहुणी घरूनच एक फवारा लावून नेली होती. गुलाब, तीळ, गूळ, हळद आणि या सगळ्यांच्या मधे व्हॅनिला. अजिबात भांडली नाही. उलट गुळाशी तिची इतकी गट्टी जमली, की जिला जिला तिळगूळ दिला ती ती माझा हात सोडेना. एक जण म्हणाली, "वहिनी, लई भारी वास आहे हो. इथं बाजारात मिळतं का?" नाही मिळत. बाजारात बॉडी स्प्रेचे लांब डबे आहेत, अत्तराच्या दुकानात हिना, मोगरा, केवडा आहे. दुसरी वयस्कर बाई मात्र स्पष्ट बोलली, "चांगलं आहे, पण देवाला चालायचं नाही. खायच्या वस्तूचा वास आहे तो." हा निकाल मला पटला. अष्टगंध, बुक्का, चंदन यांचा वास आला की हात आपोआप जोडले जातात. हिचा आला की चमचा शोधावासा वाटतो.

आमचे मामंजी, म्हणजे सासरे, होते तेव्हा पैठणला नाथषष्ठीला जायचे आणि यात्रेतून येताना कानात हिन्याचा फाया घालून यायचे. यात्रेतला अत्तरवाला लाकडी पेटी उघडून बसायचा. बाटलीतली काचेची काडी काढून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाताच्या पाठीवर ओढायचा. घ्या, न घ्या, वास फुकट. भाचीच्या कंपनीला वाटतं नमुन्याची कल्पना त्यांची. शेकडो वर्षं यात्रा-उरुसांत ती चालू होती, फक्त तिला वर्गणी नव्हती. फरक आणखी एक आहे. कनौजच्या जुन्या पद्धतीत फुलांचा वास चंदनाच्या तेलात उतरवत, त्यात अल्कोहोल नसतं, म्हणून ते अत्तर अंगाशी बिलगून राहतं, शेजाऱ्यालाच कळतं. ही स्पिरिटवर स्वार झालेली, खोलीच्या दुसऱ्या टोकाला आधी जाते. स्वभावाचा भेद आहे. एकाला कानात जागा लागते, दुसरीला मांडव.

फ्रेंचांनाही आपल्याकडच्या नावाचा मोह आवरला नव्हता. व्हॅनिलाच्या गोडीवर उभं राहिलेलं त्यांचं सगळ्यात गाजलेलं परफ्यूम 1925 सालचं, आणि त्याचं नाव शालिमार, गेर्लां या अत्तरवाल्या घराण्यानं मुघलांच्या बागेवरून ठेवलेलं. त्याआधी 1889 मध्ये याच गेर्लां घराण्यानं जिकी काढलं होतं, कृत्रिम व्हॅनिलिन वापरणाऱ्या पहिल्या परफ्यूमांपैकी एक. म्हणजे पॅरिसची बाई लाहोर-काश्मीरच्या बागेचं नाव लावते आणि शेवगावची बाई पॅरिसचं. दोघींना दूरचंच गोड.

कुपीचे दोष सांगितले नाहीत तर हे स्थळ दाखवणं होईल. पहिला दोष, उन्हाळा तिला झेपत नाही. मार्चनंतर शेवगावात ऊन चाळिशीकडे सरकतं, घाम येतो, आणि घामाबरोबर ही इतकी जोरात बोलायला लागते, की सकाळी नऊलाच जेवण झाल्यासारखं वाटतं. त्या दिवसांत वाळा घातलेल्या माठातलं पाणी आणि मोगऱ्याचा गजरा यांच्यापुढं हिचं काही चालत नाही, चालूही नये. दुसरा दोष जास्त गंभीर. व्हॅनिलिन हवा आणि उजेड लागला की तपकिरी पडतं. म्हणूनच कुपीतलं पाणी पिवळसर आहे आणि जुनं होईल तसं गडद होत जाईल. मालकांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर एक फवारा पडला होता. तेव्हा काही दिसलं नाही, काही दिवसांनी तिथं चहाच्या थेंबासारखा डाग उमटला. सासूबाईंनी साबण लावून, लिंबू चोळून पाहिलं. डाग फिका झाला, गेला नाही. तिसरा दोष तिचा नाही, तिच्या धन्यांचा. ती स्वतःसाठी आलेलीच नाही. तिला धाडलं आहे तिच्या थोरल्या बहिणीसाठी, पन्नास मिलीच्या बाटलीसाठी. कार्डाच्या मागं सवलतीचा कोड छापलेला आहे, आणि मिलीमागं किंमत काढली तर लहानीचाच भाव जास्त पडतो. वर्गणी थांबवायची तर बटण कुठं आहे ते शोधायला भाचीलाच बोलवावं लागेल.

तरीही माझं मत तिच्या बाजूचं आहे. मोठी बाटली घेतली की ती कपाटात उभी राहते, वर्षा-दोन वर्षांत गडद होते, आणि आपण पैसे दिले म्हणून न आवडता लावत राहतो. ही वीस-पंचवीस फवाऱ्यांची, म्हणजे एका हिवाळ्यापुरती. आली, बोलली, गोड बोलली, संपली. सासूबाईंनी तिला अजून अत्तर म्हटलेलं नाही. त्यांच्या लेखी ती 'केकचं पाणी' आहे. पण परवा शेजारच्या बारशाला निघताना त्यांनी हात पुढं केला, एवढं मी पाहिलं. मीही एकच फवारा दिला.

तेव्हा वाचकहो, कुणाची भाची पुण्या-मुंबईत अशी वर्गणी भरत असेल तर तिला सांगून ठेवा, नकोशा झालेल्या गोड कुप्या गावाकडं पाठव म्हणावं. मागवायच्या त्या दिवाळीनंतरच मागवा, फवारा एकच मारा, आणि मारण्याआधी पांढरा सदरा कपाटात ठेवा.